झोपलेल्या साहेबाची तळटीप

पुस्तकाला पुरस्कार मिळाला, याला घरात कुणाचीच हरकत नव्हती. हरकत होती ती कुणीतरी ते वाचलं, याला.

तोपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. धाकटीने आपल्या जाडजूड ग्रंथाची सही केलेली एकेक प्रत घरातल्या प्रत्येकाला दिली होती, आणि प्रत्येकाने ती अशा जागी ठेवली होती की आल्यागेल्याला दिसावी पण घरच्यांच्या हाताला लागू नये. 'हुकमाचा प्रवास : परकी राजवट, मध्यस्थ आणि समाज'. काकांनी त्यातला फक्त 'प्रवास' हा शब्द वाचला आणि वर्षभर आपल्या दातांच्या दवाखान्यात सांगत सुटले की पुतणीने प्रवासवर्णन लिहिलंय, छान आहे, चित्रं कमी आहेत. एका पेशंटने ते सुट्टीवर जाताना बरोबर नेलं. तो पुन्हा दाढ दाखवायला आला नाही.

मग परीक्षकांनी घात केला. पुरस्कार जाहीर करताना त्यांनी वर्तमानपत्रात लिहिलं की, सत्तेचं इतकं मिस्कील दर्शन अभ्यासग्रंथात क्वचित घडतं, आणि वाचकांनी निदान 'झोपलेल्या अधिकाऱ्याची तळटीप' तरी चुकवू नये. ग्रंथ कुणी वाचत नाही, पण पाच ओळींची तळटीप दुकानात उभ्या उभ्या वाचून होते. गावाने ती उभ्या उभ्या वाचली, पुस्तक परत फळीवर ठेवलं आणि हसत घरी गेलं.

आता हसण्यासारखं काय होतं, तर या घराण्याचे थोरले. धाकटीच्या वडिलांचे, म्हणजे अप्पांचे, पणजोबा. थोरले परक्या राजवटीत दुभाषे होते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण एखाद्याला पोहता येतं असं म्हणावं, त्या सुरात. खरी गोष्ट वेगळीच. खरी गोष्ट ही की थोरल्यांनी भर कचेरीत, साहेबाच्या तोंडावर, हात वर करून तासभर त्याला सुनावलं, आणि साहेबाने मान खाली घातली. या एका तासावर घराण्याने चार पिढ्या काढल्या. त्या तासाच्या नावाने शाळा निघाली. शाळेत पुतळा उभा राहिला, उजवा हात वर, तोंड उघडं. उघड्या तोंडातल्या दातांचं काम काकांनी जातीने करून घेतलं होतं. शिल्पकाराला त्यांनी साचा दिला होता, स्वतःच्या जबड्याचा.

आणि अप्पा शाळेचे मुख्याध्यापक असेपर्यंत दरवर्षी स्थापनादिनाला ती गोष्ट सांगायचे. शेवटच्या वाक्याला सगळ्या पोरांनी साहेब होऊन मान खाली घालायची, अशी पद्धतच पडली होती. भर दुपारी आठशे पोरं पटांगणात मान खाली घालून बसायची, आणि त्यातली निम्मी झोपायची.

इतिहासाला धरून चाललेलं ते गावातलं एकमेव नाटक होतं, हे धाकटीच्या तळटीपेनंतर कळलं. कारण साहेबाच्या स्वतःच्या रोजनिशीत लिहिलेलं होतं की, विणकरांचं गाऱ्हाणं दुभाषा तासभर सांगत होता. त्याला पुढचे दात नसल्यामुळे त्याच्या बोलण्यात एक मंद शिट्टी होती. जेवण भरपेट झालं होतं. डोळा फार छान लागला.

ही झाली पार्श्वभूमी. आता रविवारची सकाळ, अप्पांच्या घरातलं जेवणाचं टेबल आणि त्याभोवती घराणं.

धाकटी आली होती ती एकाच कामासाठी. संध्याकाळी सहाला पुरस्काराचा कार्यक्रम होता आणि पहिल्या रांगेची दोन कार्डं तिच्या पिशवीत होती. एक आईचं. आईने नेसायची साडी काढून ठेवली होती आणि नवे जोडे पायाला चावू नयेत म्हणून चार दिवस ते घालून स्वयंपाकघरात फिरत होती. दुसरं अप्पांचं. अप्पा बातमी आल्यापासून बोलत नव्हते. म्हणजे बोलत होते. पंखा बंद कर, दार लोटून घे, एवढं बोलत होते. पुस्तकाचा विषय निघाला की पेन्सिल तासायला घ्यायचे. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी शाळेच्या पेन्सिली तासायला त्यांच्याकडेच यायच्या. गेल्या आठवड्यात एवढ्या तासून झाल्या होत्या की शाळेला दोन वर्षं पुरतील.

आताही ते टेबलाच्या टोकाला ब्लेड घेऊन बसले होते.

"माझं म्हणणं साधं आहे," काका म्हणाले. "शुद्धिपत्र काढ."

"कसलं शुद्धिपत्र काका?"

"डोळे मिटले होते, मान्य. पण झोपला होता कशावरून? माणसाचे डोळे लाजेनेही मिटतात."

"काका, तो घोरत होता. त्याच्या कारकुनाने लिहून ठेवलंय."

"लाजेने घोरतात काही लोक."

"तुझा काका घोरतो तेव्हा त्याला कसली लाज वाटत असते, देव जाणे," आई चहाचे कप ठेवत म्हणाली.

"वहिनी, विषय गंभीर आहे," काका म्हणाले. "पेशंट खुर्चीत बसून माझ्याकडे बघून हसतात. हसताना तोंड उघडतं, कामाला बरं पडतं, ते सोडा. आणि पिल्लू, तू माणूस म्हणून थोरल्यांबद्दल काहीही लिही. पण दात? पुढचे दात नव्हते? तेवढं लिहायची काही गरज होती का?"

"शिट्टी कशी यायची ते सांगायला लागतं ना."

"शिट्टी तरी कशाला हवी होती!"

धाकटीने आपल्या वहिनीकडे बघितलं. वहिनी वकील होती. धाकटीचा मोठा भाऊ अशा बैठकांना कधी येत नसे, तो बायकोला पाठवायचा. अशिलाने कोर्टाची पायरी न चढलेली बरी, असं वहिनीचंही मत होतं.

"कायद्याने काही होणार नाही," वहिनीने बिस्किट चहात बुडवलं. "मेलेल्या माणसाची बदनामी होत नाही. आणि झोपलेला आपला नव्हता."

"मग पुतळ्याचं काय करायचं?" काका म्हणाले. "तोंड मिटून घ्यायचं?"

"खर्च येईल."

"चिठ्ठी चिकटवता येईल," काकांना सुचलं. "प्रत्येक प्रतीत, त्या पानावर. 'काहींच्या मते अधिकारी जागा होता.' एवढंच. काहींच्या म्हणजे आपल्या."

"काका, हा अभ्यासग्रंथ आहे. मी सात वर्षं दप्तरखान्यात बसून—"

"सात वर्षं बसलीस ना? मग एखाद दिवस साहेब जागा सापडला नाही?"

धाकटीने कपाळाला हात लावला. टेबलाच्या टोकाला ब्लेड चालू होतं. खर्र, खर्र. अप्पांसमोर सालांचा ढीग वाढत होता. कार्ड काढावं का आत्ताच, असं तिला वाटलं. तेवढ्यात बाहेर गाडीचं दार आपटलं आणि आत्या आली.

आत्या, म्हणजे अप्पा आणि काकांच्या मधली बहीण, एरवी या घरात यायची ती सासरची बाजू खाली गेलेली असल्यासारखी. तिच्या सासरचे मूळपुरुष परक्या राजवटीत शेतसाऱ्याचे ठेकेदार होते, आणि ते काही भलं प्रकरण नव्हतं, हे लग्न ठरतानाच सगळ्यांना माहीत होतं. इतकी वर्षं माहेरच्यांनी तिला तो टोमणा मारला नव्हता, पण मारत नाही आहोत हे तिला दर वेळी जाणवून दिलं होतं. आज मात्र आत्या नवी पर्स घेऊन, मान ताठ करून आली आणि थेट दिवाणखान्याकडची खुर्ची ओढून बसली.

"पिल्लू, ये इकडे," म्हणत तिने धाकटीच्या दोन्ही गालांवरून हात फिरवला. "सोनं केलंस गं आमच्या घराण्याचं."

धाकटीला काही सुधरेना. "आत्या, तू सहावं प्रकरण वाचलंस?"

"वाचलंस काय, घरातल्या सगळ्यांना झेरॉक्स वाटल्या. सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणाल्या, आमच्या माणसांवर इतकं सविस्तर कुणी बोललंच नव्हतं."

"पण त्यात... त्यांनी सारा थकला म्हणून लोकांना उन्हात खांबाला बांधलं, असं लिहिलंय मी."

"हो ना. केवढा दरारा!"

"धान्याची कोठारं पेटवली त्यांनी."

"म्हणजे कोठारं होती बघ."

"लोकांची, आत्या. दुसऱ्यांची कोठारं."

"दुसऱ्यांची पेटवायलाच छाती लागते. स्वतःची कुणीही पेटवेल." आत्याने चहा घेतला. "आणि तू काय सुरेख म्हटलंयस. 'या एका घराण्याच्या संमतीविना तालुक्यात पानही हलत नसे.' ते वाक्य तर माझ्या पुतण्याने दुकानाच्या पाटीवर घातलं. खाली बारीक अक्षरांत 'पुरस्कारप्राप्त घराणे'."

वहिनी बिस्किट चहात विसरली. ते तुटून तळाला गेलं.

काका गप्प झाले होते. काका गप्प झाले की काहीतरी शिजत असायचं. त्यांनी धाकटीची दिवाणखान्यातली प्रत आणवली, सहावं प्रकरण काढलं, पानं चाळली, मग मागे जाऊन तळटीप काढली. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी पुस्तक नाकाशी नेलं.

"म्हणजे त्यांना अख्खं प्रकरण," ते म्हणाले, "आणि आपल्याला तळटीप?"

"काका—"

"आकार बघ अक्षरांचा. मुंगी आडवी आली तर घराणं झाकलं जाईल."

"असू दे रे," आत्या मायेने म्हणाली. "प्रत्येकाची आपापली कुवत असते. तुमचे थोरले बिचारे मुळात सज्जन."

'तुमचे' हा शब्द टेबलावर पडला आणि तिथेच राहिला. आत्याचेही ते पणजोबाच होते. पण माणूस प्रकरणातून तळटीपेत कशाला उतरेल?

"सज्जन कुणाला म्हणतेस ताई?" काका उसळले. "कचेरीत होते ते. साहेबाच्या उजव्या हाताला. साहेबाला इथलं ओ की ठो कळत नव्हतं. मग राज्य कोण करत होतं? थोरले! पिल्लू, तूच लिहिलंयस ना, मध्यस्थांच्या हातात खरी सत्ता होती म्हणून?"

"काही मध्यस्थांच्या."

"मग आपले त्यात का नाहीत?"

"काका, दहा मिनिटांपूर्वी तुम्हाला ते क्रांतिकारक हवे होते."

"दहा मिनिटांपूर्वी ताईच्या सासरच्यांना प्रकरण आहे हे मला माहीत नव्हतं."

आता वहिनीही पुढे सरकली. तिला पुरावा जमवायची सवय होती, कुठल्याही बाजूने. "दुभाष्याच्या हातात फार असतं गं. उलटसुलट सांगून कुणाला अडकवलं असेल. खोटा अर्थ लावून एखाद्याला तुरुंगात धाडलं असेल."

"नाही. तक्रारी तपासल्यात मी. ते जसंच्या तसं सांगायचे. साहेब वैतागायचा इतकं जसंच्या तसं."

"लाच?"

"एकदा. दोन कोंबड्या घेतल्या असा आरोप होता."

"दोन कोंबड्या!" काकांच्या चेहऱ्यावर आशा उमटली.

"चौकशीत एकच निघाली."

"मोठी असेल," काका म्हणाले, पण त्यात जोर नव्हता. मग पुन्हा सावरून, "दुसऱ्या आवृत्तीत वाढव ना जरा. एखादं घर तरी जाळलेलं दाखव. पडकं असलं तरी चालेल. मी काही ठेकेदारांच्या बरोबरीने मागत नाही, अर्धं प्रकरण दे. घराण्याची काही अब्रू आहे की नाही? लोक काय म्हणतील, शंभर वर्षं राजवट होती आणि यांना साधा जुलूमसुद्धा जमला नाही?"

"जमायला हवा होता का?" आईने विचारलं. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"अरे, सगळ्यांना नाही जमत," आत्या म्हणाली. "आमच्याकडे ते रक्तातच—"

"त्यांच्याकडे काहीही नव्हतं!" धाकटी ओरडली.

ओरडली ते इतक्या मोठ्याने की काकांचा चष्मा कपाळावरून नाकावर आला.

"सत्ता नव्हती, दरारा नव्हता, बंड नव्हतं. दिवसाला ठरलेला पगार होता. लोकांचं साहेबाला सांगायचं, साहेबाचं लोकांना सांगायचं. त्या दिवशी विणकरांसाठी हात वर करून तासभर बोलले, आणि दुसऱ्या दिवशी तोच हात वर करून विणकरांना वाढीव कराचा हुकूम ऐकवला. त्याच जोरात, त्याच शिट्टीसकट. ते वाईट नव्हते हो. चांगलेही नव्हते. ते लहान होते. साधे लहान माणूस होते!"

खर्र खर्र थांबली.

धाकटीला वाटलं, संपलं. ज्या माणसाने आयुष्यभर आठशे पोरांसमोर उभं राहून थोरल्यांचा मोठेपणा सांगितला, त्याच्याच टेबलावर बसून ती 'लहान' म्हणाली होती. वाईट म्हटलं असतं तर एक वेळ चाललं असतं. आत्याकडे बघा, वाईट माणसाने तिची मान किती ताठ झाली होती. तिने पिशवीतलं कार्ड बोटांनी चाचपलं. ते परत न्यावं लागणार होतं. पहिल्या रांगेत आईशेजारची खुर्ची रिकामी राहणार आणि परीक्षक तिच्यावर आपला कोट ठेवणार, हे तिला आत्ताच दिसायला लागलं.

अप्पांनी ब्लेड पुसून कागदात गुंडाळलं.

"तीन वेळा वाचली मी ती," ते म्हणाले.

"काय?"

"तळटीप. पहिल्यांदा वाचली तेव्हा तुझ्या तोंडात मारावीशी वाटली. दुसऱ्यांदा हसू आलं. शिट्टीला. माझे वडील पण शिट्टी वाजवतच बोलायचे." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "तिसऱ्यांदा वाचली तेव्हा एक प्रश्न पडला. विचारू का? तू विदुषी, म्हणून परवानगी मागतोय."

"अप्पा, काय हे."

"तासभर बोलले. काय बोलले?"

धाकटीच्या बोटांत पिशवीतलं कार्ड चुरगळलं.

"साहेब झोपला, ते आलं. का झोपला, तेही आलं. थोरल्यांना दात नव्हते, तेही आलं, त्यावर तुझ्या काकाचा अर्धा तास गेला. पण त्या विणकरांचं म्हणणं काय होतं? मी सबंध पुस्तक शोधलं. शेवटची सूची पण बघितली. 'विणकर' शब्द आहे, पुढे फक्त 'पाहा : झोपलेला अधिकारी'."

वहिनी खोकली. खोकण्यासारखं काही नव्हतं, पण तिला हसता येत नव्हतं.

"ते... ते गाऱ्हाणं आहे दप्तरात," धाकटी म्हणाली. "कारकुनाने शब्दन् शब्द उतरवून घेतलंय. माझ्याकडे नक्कल आहे. पण माझा विषय मध्यस्थ होता, अप्पा. ते कक्षेबाहेर जात होतं."

"वाचलंस?"

इथे तिला खोटं बोलता आलं असतं. दुसऱ्या कुणाशीही ती बोलली असती. परीक्षकांशी तर सहज.

"चाळलं," ती म्हणाली. "रोजनिशीत झोपेची गंमत सापडली, मग... तेवढ्यावरच थांबले."

"हं." अप्पा मुख्याध्यापकाच्या सुरात हं म्हणाले. त्या सुराने गावातले दोन नगराध्यक्ष आणि एक सर्जन अजूनही उठून उभे राहायचे. "तुला एकटीला बोलत नाही मी. दरवर्षी ती गोष्ट मीच सांगत होतो. थोरल्यांनी सुनावलं, सुनावलं. काय सुनावलं, ते मला कधी विचारावंसं वाटलं नाही. आठशे पोरांतल्या एकानेही विचारलं नाही. मास्तरांनी विचारलं नाही. कसली शाळा चालवली मी? आणि तुझे परीक्षक. पाच जण ना? तेही हसले आणि बक्षीस देऊन मोकळे."

"तीन," धाकटी पुटपुटली.

"बरं झालं, कमीच आहेत."

मग अप्पांनी हात पुढे केला. तिला कळेना काय हवंय. त्यांनी तिच्या पिशवीकडे बोट केलं.

"ते कार्ड कधीपासून चुरगळतेयस. इकडे दे."

तिने दिलं. त्यांनी ते उलटंसुलटं बघितलं, त्यावरची वेळ वाचली आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.

"तिथे तुला बोलायला किती वेळ आहे?"

"पाच मिनिटं."

"पाच मिनिटांत त्यातलं काय वाचायचं ते ठरवावं लागेल. ठरवायला आधी सगळं वाचावं लागतं. नक्कल आहे का जवळ?"

"लॅपटॉपवर आहे."

"मग काढ. आत्ताच वाच. मोठ्याने."

"सगळं?" काका म्हणाले. "दादा, ते तासभराचं आहे." ते खुर्ची मागे सरकवून अर्धे उठले. "मी बसलो असतो, पण एक पेशंट, सकाळपासून सुजलेला—"

"रविवारी तुझा दवाखाना बंद असतो. बस."

काका बसले.

"माझा ड्रायव्हर बाहेर उन्हात," आत्याने नवी पर्स उचलली.

"आत बोलव त्याला. सावली पण मिळेल आणि ऐकेल पण."

आत्याने पर्स खाली ठेवली. वहिनीने आपणहून फोन बंद केला. आई कप आवरायला उठली होती, ती तशीच हातात कप घेऊन पुन्हा बसली. धाकटीने टेबलावरचा सालांचा ढीग बाजूला सारून लॅपटॉप उघडला. नक्कल सापडायला वेळ लागला. फोल्डरचं नाव तिनेच 'कक्षेबाहेर' असं ठेवलं होतं, आणि सात वर्षांत तिथे बरंच काही साठलं होतं.

तिने घसा साफ केला.

"'अर्जदार विणकर यांच्या वतीने दुभाषे सांगतात, ते येणेप्रमाणे. साहेब, आमचं बोलणं लांबणार आहे. मध्ये उठावं लागू नये म्हणून आपण आधी पोटभर जेवून घ्यावं.'"

काका खो खो हसले. "म्हणजे त्यांनीच झोपवला!"

आत्याही हसली. वहिनी हसली. आईच्या हातातले कप किणकिणले. धाकटीलाही हसू आलं, आणि एवढी सुरेख गोष्ट आपल्या हातून सुटली म्हणून जीव हळहळला. पाच मिनिटांच्या भाषणाला याहून फक्कड सुरुवात मिळणार नव्हती. लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं असतं.

"पुढे," अप्पा म्हणाले. ते हसले नव्हते.

ती पुढचं वाक्य मनातल्या मनात वाचायला लागली.

"मोठ्याने."

"'आम्ही परवापासून काही खाल्लेलं नाही,'" धाकटीने वाचलं, "'तेव्हा आम्हाला जेवायची सुट्टी लागणार नाही. आम्ही इथेच थांबतो.'"

काकांचं तोंड उघडंच राहिलं होतं. त्यांनी ते मिटलं.

"पुढे वाच," अप्पा म्हणाले.